स्वतःला दिलेला शब्द आणि थंडीतील पहाट





जानेवारीतील झाशी ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना तिथल्या पहाटेची ओळख करून द्यायला नको. पारा कित्येकदा पाच-सहा अंशांवर उतरतो. बंगरा टेकडीवरचा किल्ला धुक्यात असा नाहीसा होतो की, खालच्या रस्त्यावरून वर पाहिले तर तिथे काही आहे असे वाटतच नाही. चौकाचौकांत शेकोट्या पेटलेल्या असतात. हमाल, रिक्षावाले, चहाच्या टपरीवरची मुले त्यांच्याभोवती हात शेकत बसलेली असतात. अशा वेळी साडेपाचला गजर होतो. आपण रजईतून एक हात बाहेर काढतो, गजर बंद करतो आणि हात पुन्हा आत घेतो. मग मनात बोलणे सुरू होते. ‘आज फारच गारठा आहे.’ ‘काल झोपायला उशीर झाला.’ ‘एका दिवसाने काय बिघडते?’ ‘संध्याकाळी करू.’ पाच मिनिटांत खटला निकाली निघतो. निकाल बहुतेक वेळा रजईच्या बाजूने लागतो.

झाशीतील आमच्या साप्ताहिक बैठकीत मागच्या हिवाळ्यात हाच विषय निघाला. एका तरुण साधकाने विचारले, “काका, दिवाळीनंतर रोज पहाटे बारा सूर्यनमस्कार घालायचे असे मी ठरवले होते. डिसेंबर उजाडला आणि सगळे बंद पडले. पण मला एक सांगा, यात मी चुकलो कुठे? मित्राचे पैसे बुडवले तर मित्राचे नुकसान होते. इथे शब्द देणारा मी, घेणारा मी आणि माफ करणाराही मीच! मग दोष कोणाचा, आणि कोणाकडे?”

बैठकीत हशा पिकला. मीही हसलो; पण त्या संध्याकाळी मला त्याला समाधानकारक उत्तर देता आले नाही. घरी परतताना लक्षात आले की, या मुलाने गमतीगमतीत एक जुना आणि अवघड प्रश्न विचारला आहे. स्वतःला दिलेला शब्द बंधनकारक असतो का? आज आपण सर्वांनी मिळून याच प्रश्नाचा विचार करू या.

शब्द आणि त्यातून सुटका

दुसऱ्याला दिलेल्या वचनाचा नियम सरळ आहे. ज्याला वचन दिले, तोच आपल्याला त्यातून मोकळे करू शकतो. तुम्ही शेजाऱ्यांना सांगितले, “रविवारी तुमच्या वडिलांना दवाखान्यात नेतो.” रविवारी सकाळी शेजारी म्हणाले, “राहू द्या, आज भाऊ आला आहे,” तर तुम्ही सुटलात. पण रविवारी तुम्हाला कंटाळा आला म्हणून तुम्ही स्वतःच स्वतःला सोडवू शकत नाही. तो अधिकार तुमच्याकडे नाही.

स्वतःला दिलेल्या वचनाची अडचण इथेच आहे. मोकळे करण्याचा अधिकार ज्याच्याकडे, तोच बांधलेलाही आहे. कैदी आणि तुरुंगाचा किल्लीवाला एकच असेल, तर त्या तुरुंगाला अर्थ काय? तत्त्वचिंतकांपैकी काहींनी यावरून असेच म्हटले आहे की, स्वतःला दिलेले वचन हे खरे वचनच नव्हे. आमच्या तरुण मित्राचा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड आहे.

पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती अशी की, रात्री शब्द देणारा आणि पहाटे त्यातून सुटका देणारा हे दोघे अगदी एकच आहेत. हे कितपत खरे आहे?

रजईतला न्यायाधीश

पहाटेच्या सुमारास आपल्या शरीराचे आतले तापमान चोवीस तासांतील सर्वांत खालच्या पातळीवर असते. गाढ झोपेतून जागे झाल्यावर मेंदू लगेच पूर्ण जागा होत नाही. साधारण पंधरा मिनिटे ते अर्धा तास एक गुंगी राहते. त्या वेळात विचार मंद असतो आणि निर्णयशक्ती दुबळी असते. त्यात बाहेर थंडी आणि आत ऊब. म्हणजे ज्या क्षणी आपण ‘आज उठावे की नाही’ हा खटला चालवायला बसतो, त्या क्षणी आपली बुद्धी दिवसातील सर्वांत कमकुवत अवस्थेत असते.

शिवाय हा न्यायाधीश तटस्थही नाही. निकाल ‘उठू नको’ असा लागला तर त्याचा लाभ त्यालाच मिळणार आहे, आणि तोही लगेच. ज्या खटल्यात न्यायाधीशाचाच स्वार्थ गुंतलेला आहे, तो खटला त्याच्यापुढे चालवू नये, हे कोणत्याही न्यायालयात मान्य होईल. मग आपल्या आयुष्यातील एक महत्त्वाचा निर्णय आपण रोज या न्यायाधीशाकडे का सोपवतो?

आपण प्रेरणेची वाट पाहतो, तिथेही हीच चूक होते. ‘मनापासून वाटले की उठेन,’ असे आपण म्हणतो. पण रजईत मनापासून वाटेल कसे? ऊब कशी मिळते ते पाहा. स्नायू काम करतात तेव्हा त्यांनी वापरलेल्या ऊर्जेचा साधारण तीन चतुर्थांश भाग उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. म्हणून चौथ्या-पाचव्या सूर्यनमस्कारानंतर अंगात ऊब येते आणि आठव्यानंतर स्वेटर काढावासा वाटतो. हालचालीतून आलेली ही ऊब हालचालीच्या आधी मागून मिळत नाही. प्रेरणेचेही तसेच आहे. आपण समजतो की प्रेरणा ही उठण्याची अट आहे, पण बहुतेक दिवशी ती उठण्याचे फळ असते.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात सुखाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यातील सात्त्विक सुख सुरुवातीला विषासारखे वाटते आणि शेवटी अमृतासारखे होते. निद्रा आणि आळस यांतून मिळणारे सुख सुरुवातीलाही आणि शेवटीही माणसाला भुलवणारे असते. थंडीतल्या पहाटेला हा भेद अर्ध्या तासात पडताळून पाहता येतो. व्यायाम करून आल्यावर ‘उगाच उठलो’ असे म्हणणारा माणूस तुम्ही किती वेळा पाहिला आहे? आणि नऊ वाजता ‘आज पुन्हा राहिले’ असे म्हणणारा?

शब्द नेमका कोणाला दिला होता?

आता तरुण मित्राच्या प्रश्नाकडे परत येऊ. शब्द घेणारा कोण होता?

रात्री दहा वाजता तुम्ही ठरवलेत की उद्यापासून उठायचे. तेव्हा तुमच्या डोळ्यांपुढे रजईतला ‘मी’ नव्हता. तुमच्या डोळ्यांपुढे दिवसभर काम करूनही चिडचिड न करणारा ‘मी’ होता. पन्नाशीत मधुमेहाच्या गोळ्या मोजत न बसणारा ‘मी’ होता. सत्तराव्या वर्षी आपले आपण जिना चढणारा, आजारी जोडीदाराला हात देऊन उठवू शकणारा ‘मी’ होता. शब्द त्याला दिला होता. आणि त्याच्यामागे उभ्या असलेल्या माणसांना दिला होता. ज्या आईला उद्या आधार लागेल, ज्या मुलांना आपल्या आजारपणाचा भार उचलावा लागेल, ज्या सेवाकार्यात आपले दोन हात मोजलेले आहेत, त्या सगळ्यांना.

यांपैकी पहाटे साडेपाचला रजईत कोण हजर असते? कोणीच नाही. मग त्यांच्या वतीने माफी कोण देतो? ज्याला त्यांनी तो अधिकार कधीच दिलेला नाही, तो गुंगीतला माणूस!

म्हणून आमच्या मित्राला माझे उत्तर असे: घेणारा तू नव्हतास. तू फक्त साक्षीला होतास. ज्याला शब्द दिला तो अजून यायचा आहे, आणि तो आल्याशिवाय सुटका देण्याचा अधिकार कोणालाही नाही. मात्र तो येईल तेव्हा हिशेब विचारील, आणि तेव्हा मागचा हिवाळा परत आणता येणार नाही.

झाशीच्या वाड्यातील पहाट

झाशीत राहून या विषयावर बोलताना एका व्यक्तीची आठवण होणारच.

पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे भिक्षुक १८५७ साली दक्षिणा मिळवण्यासाठी उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरातच होते. पुढे १८८३ च्या सुमारास त्यांनी आपल्या आठवणी लिहिल्या. १९०७ साली चिंतामण विनायक वैद्य यांनी त्या संपादित करून ‘माझा प्रवास’ या नावाने प्रसिद्ध केल्या. राणी लक्ष्मीबाईंचा दिनक्रम प्रत्यक्ष पाहिलेल्या मराठी माणसाने लिहिलेला हा दुर्मीळ वृत्तांत आहे. बाईसाहेबांना शरीरमेहनतीची फार आवड होती, असे विष्णुभट सांगतात. पहाटे उठून त्या दोन घटका, म्हणजे सुमारे ४८ मिनिटे, मल्लखांबाची कसरत करीत. मग घोडा मंडळावर धरीत, आणि कधी कधी हत्तीवरूनही फेरफटका मारीत.

यात नवल नाही, असे तुम्ही म्हणाल. बिठूरला दुसऱ्या बाजीरावांच्या आश्रयाला वाढलेली ती मुलगी. मल्लखांबाचे पुनरुज्जीवन करणारे बाळंभट दादा देवधर हे याच बाजीरावांच्या पदरचे. तेव्हा बालपणीच हे संस्कार झाले असणार. पण जरा थांबून तिची परिस्थिती पाहा. २१ नोव्हेंबर १८५३ रोजी, हिवाळ्याच्या तोंडाशी, गंगाधरराव वारले. १८५४ मध्ये इंग्रजांनी संस्थान खालसा केले. त्या काळी विधवा स्त्रीकडून समाजाची अपेक्षा काय होती, हे आपल्याला ठाऊक आहे. केशवपन, काशीवास, एकवेळचे जेवण आणि देवाचे नाव. अशा स्त्रीने पहाटे उठून मल्लखांब करावा, याला बाहेरून कोणते कारण होते? लढाई समोर दिसत नव्हती. राज्य राहिले नव्हते. कोणी विचारणारे नव्हते आणि शाबासकी देणारेही नव्हते. रजईतल्या न्यायाधीशाला याहून सोपा खटला मिळाला नसता.

मग १८५८ उजाडले. मार्चमध्ये ह्यू रोजच्या फौजेने झाशीला वेढा घातला. ३ एप्रिलला इंग्रज शहरात शिरले. ४ एप्रिलच्या रात्री राणीने दत्तक पुत्राला बरोबर घेऊन किल्ला सोडला आणि घोड्यावरून काल्पी गाठली. हे अंतर सुमारे दीडशे किलोमीटरचे. त्या रात्री लागणारे बळ त्या रात्री कमावता येणारे नव्हते. ते आधीच्या अनेक पहाटी कमावलेले होते, आणि त्या पहाटींपैकी एकीलाही माहीत नव्हते की आपण कशासाठी आहोत.

आयुर्वेदही एक मार्मिक गोष्ट सांगतो. हेमंत आणि शिशिर या ऋतूंत माणसाचा जठराग्नी प्रबळ असतो आणि बळ उत्तम असते. ग्रीष्मात ते सर्वांत कमी होते. राणीची परीक्षा एप्रिल ते जून या महिन्यांत झाली, बुंदेलखंडातील होरपळणाऱ्या उन्हात. १८५८ च्या जूनमध्ये ग्वाल्हेरजवळ तिने देह ठेवला. जे थंडीत साठवले, ते उन्हात खर्च झाले.

तिने शरीर एवढे जपले ते कशासाठी? याचेही उत्तर विष्णुभटांच्याच वृत्तांतात आहे. काल्पीच्या बाजूला एका विहिरीपाशी त्यांची आणि राणीची भेट झाली. ती दमलेली होती, तहानलेली होती. तेव्हा ती जे बोलली त्याचा आशय असा की, मला स्वतःला अर्धा शेर तांदूळ पुरे होता, तरी धर्माच्या अभिमानाने मी या कामाला प्रवृत्त झाले. ज्या व्यक्तीची गरज अर्ध्या शेराची होती, तिने आपले शरीर भोगासाठी सांभाळले नव्हते हे उघड आहे. शरीर ही तिच्याकडे सोपवलेली ठेव होती. ठेव सांभाळणारा ‘आज मनापासून वाटत नाही’ म्हणून तिजोरी उघडी टाकत नाही.

आपल्यावर तसा प्रसंग येणार नाही. पण वडिलांना रात्री दोन वाजता खांद्यावर घेऊन जिना उतरण्याचा प्रसंग येऊ शकतो. पुरात, अपघातात, शेजारच्या घरातील दुःखात धावून जाण्याचा प्रसंग येऊ शकतो. त्या दिवसाची तारीख आपल्याला कळवली जात नाही. ती कळली असती तर रोजच्या साधनेची गरजच उरली नसती.

संकल्पात देश-काल का उच्चारतात?

आता व्यवहाराकडे वळू. रजईतला न्यायाधीश नालायक आहे हे कळले, तरी उद्या पहाटे तोच खुर्चीवर असणार. मग उपाय काय?

उपाय आपल्या घरातच आहे. पूजेच्या आरंभी गुरुजी आपल्याकडून संकल्प सोडवतात तेव्हा काय काय उच्चारतात ते आठवा. कोणते वर्ष, कोणता ऋतू, कोणता मास, कोणती तिथी, कोणता वार. कोणत्या नदीच्या तीरी. मी कोण, माझे गोत्र कोणते. आणि आज मी नेमके काय करणार आहे. शेवटी हातावरून पाणी सोडायचे. लहानपणी आपल्याला ही लांबण वाटायची. पण ‘मी कधीतरी पूजा करीन’ ही इच्छा झाली. ‘या ठिकाणी, या दिवशी, मी, हे कर्म करीन’ हा संकल्प झाला. इच्छेला जागा आणि वेळ नसते, म्हणून ती कुठेच उतरत नाही. पाणी सोडले की निर्णय झाला; त्यानंतर फक्त कृती उरते.

गंमत म्हणजे आधुनिक मानसशास्त्रही याच ठिकाणी येऊन पोहोचले आहे. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ साली यावर एक गाजलेला निबंध लिहिला. केवळ ध्येय ठरवण्यापेक्षा ‘अमुक वेळ आली की अमुक ठिकाणी मी अमुक करीन’ असे आधी ठरवून ठेवणाऱ्यांच्या हातून ते काम होण्याची शक्यता बरीच वाढते, असा त्यातील विचार आहे. कारण निर्णय आधीच झालेला असतो आणि वेळ आली की ती वेळच कृतीची खूण होते.

म्हणून खटला रात्रीच निकाली काढा. झोपण्यापूर्वी देवासमोर दोन मिनिटे बसा आणि म्हणा, ‘उद्या सहा वाजता, या खोलीत, या चटईवर, मी बारा सूर्यनमस्कार घालीन.’ स्वेटर, मोजे, कानटोपी उशाशी ठेवा. चटई अंथरूनच झोपा. गजर हात पोहोचणार नाही इतका लांब ठेवा. पहाटे स्वतःला ‘उठू का?’ असे विचारूच नका. पहाटेला प्रश्न विचारायचा नसतो; रात्रीचे उत्तर अमलात आणायचे असते.

संख्या लहान ठेवा. शंभर नमस्कारांचा संकल्प चार दिवस टिकण्यापेक्षा बाराचा चार महिने टिकलेला बरा. बारा नमस्कारांना पाच-सात मिनिटे लागतात. एवढ्या वेळात गुंगीही उतरते, आणि त्यानंतर पुढे करायचे की नाही हे विचारण्याइतका न्यायाधीश शुद्धीवर आलेला असतो.

आणि सोबत शोधा. महाराष्ट्रातील आपल्या गावची काकड आरती आठवते? कार्तिकातील गारठ्यात आजी-आजोबांपासून पोरांपर्यंत सगळे पहाटे देवळात जमत. तेव्हा कोणी कोणाला ‘प्रेरणा कुठून आणता?’ असे विचारत नसे. धुंधुरमासात, म्हणजे साधारण १६ डिसेंबर ते मकरसंक्रांतीपर्यंत, सूर्योदयाच्या वेळी गरम मुगाच्या खिचडीचा, बाजरीच्या भाकरीचा आणि लोण्याचा नैवेद्य दाखवण्याची प्रथा अजूनही काही घरांत आहे. ऐन थंडीत लवकर उठावे म्हणून परंपरेने सोबत दिली, देव दिला आणि गरम खिचडीही दिली. एकट्याच्या इच्छाशक्तीवर तिने सगळा भार टाकला नाही. आपणही टाकू नये. एका साधकाने दुसऱ्याला पहाटे फोन करावा, एवढीही सोबत पुरते.

सूर्याला बांधलेली पहाट

इथे एक इशारा देणे आवश्यक आहे. आपल्यातील काही उत्साही मंडळी उन्हाळ्यात चारला उठतात आणि जानेवारीतही चारलाच उठण्याचा हट्ट धरतात. ब्राह्ममुहूर्त सूर्योदयापूर्वी ९६ मिनिटांनी सुरू होतो आणि ४८ मिनिटे चालतो. तो घड्याळाला बांधलेला नाही, सूर्याला बांधलेला आहे. झाशीत जूनमध्ये सूर्य साधारण सव्वापाच ते साडेपाचच्या दरम्यान उगवतो, तर जानेवारीच्या सुरुवातीला सातच्या सुमारास. म्हणजे हिवाळ्यात ब्राह्ममुहूर्तच साडेपाचच्या आसपास सुरू होतो. परंपरेने दिलेली ही सवलत आहे, ती नाकारण्यात मोठेपणा नाही.

वाग्भटांनी ब्राह्ममुहूर्तावर उठण्याचा उपदेश केला तो निरोगी माणसाला. व्यायामाविषयीही त्यांचे म्हणणे नेमके आहे. थंडीच्या दिवसांत आणि वसंतात बलवान माणसाने अर्ध्या शक्तीने व्यायाम करावा, इतर ऋतूंत त्याहून कमी. म्हणजे उत्तम ऋतूतही निम्मी शक्ती शिल्लक ठेवायची! थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तदाब वाढतो. ज्यांना हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब आहे, दमा आहे, वय झाले आहे, त्यांनी पहाटेच्या धुक्यात बाहेर पडू नये. डॉक्टरांना विचारावे, घरातच सावकाश हातपाय मोकळे करावेत, ऊन वर आल्यावर चालायला जावे. गीतेच्या सतराव्या अध्यायात हट्टाने स्वतःला पीडा देऊन केलेल्या तपाला तामस म्हटले आहे. तेव्हा छातीत दुखत असताना ‘नियम मोडायचा नाही’ म्हणून धावणे हे तप नव्हे.

मग पहाटच हवी असेही नाही. ज्यांची रात्रपाळी असते, ज्यांचे बाळ रात्रभर रडते, त्यांनी आपली वेळ आपण ठरवावी. झाशीचेच मेजर ध्यानचंद १९२२ मध्ये सैन्यात भरती झाले. दिवसभराचे काम संपल्यावर ते चांदण्यात हॉकीचा सराव करीत आणि त्यावरूनच ‘चांद’ हे नाव पडले, असे सांगतात. १९२८, १९३२ आणि १९३६ अशा तीन ऑलिंपिकमध्ये त्यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. त्यांना पहाट मिळाली नाही, तर त्यांनी चंद्रोदय घेतला. महत्त्व सातत्याला आहे. वेळ कोणतीही असो, तिचा निर्णय त्या क्षणाच्या लहरीवर सोडू नये, एवढेच.

माझा नियम कोणाच्या झोपेवर उभा आहे?

आणखी एक गोष्ट पुरुष साधकांना विशेष करून सांगावीशी वाटते. तुम्ही सहाला उठून नमस्कार घालता, उत्तम. पण तुम्ही परत येईपर्यंत गरम पाणी कोण ठेवते? चहा कोण करते? त्यासाठी ती माउली साडेपाचला उठते का? आणि तिच्या व्यायामाचे काय? आपली शिस्त जर दुसऱ्याच्या मोडलेल्या झोपेवर उभी असेल, तर त्या शिस्तीचे पुण्य आपल्या खात्यावर कसे जमा होईल? आपले पाणी आपण तापवावे. आठवड्यातून काही दिवस मुलांचा डबा आपण भरावा, म्हणजे घरातील स्त्रीलाही तिची अर्धी घटका मिळेल. तिचे शरीरही धर्माचरणाचे साधन आहे, घराच्या सोयीचे नव्हे.

आणि धुक्यातून फिरायला बाहेर पडाल तेव्हा शेकोटीभोवतीच्या त्या माणसांकडे पाहा. दूधवाला, झाडू मारणारी ताई, पहिल्या गाडीचा हमाल. ते आपल्या आधी उठलेले आहेत, आणि त्यांना रजईत युक्तिवाद करण्याची चैनही नाही. त्यांच्याकडे पाहिले की आपल्या बारा नमस्कारांचा अहंकार गळून पडतो. घरातील एखादी जास्तीची घोंगडी त्यांच्यापर्यंत पोहोचली, तर तोही त्या पहाटेचा व्यायामच समजावा.

मोडलेल्या दिवसाचे काय?

एवढे करूनही एखादा दिवस मोडेल. माझेही दिवस मोडतात. अशा वेळी मन दोन टोके गाठते. एक म्हणते, ‘काही बिघडले नाही.’ दुसरे म्हणते, ‘मी कशाच्याच लायकीचा नाही, सोडून द्यावे.’ गंमत पाहा, दोन्हींचा परिणाम एकच होतो: उद्याही झोप! स्वतःला दोष देत बसणे हासुद्धा रजईतल्या न्यायाधीशाचाच एक डाव असतो.

मोडलेला दिवस ज्याला शब्द दिला त्याच्याकडे घेऊन जावा. रात्री देवासमोर बसून सरळ सांगावे, ‘आज झाले नाही, कारण असे होते.’ कारण खरे असेल तर ते उच्चारताना संकोच वाटत नाही. खोटे असेल तर तोंडातून बाहेर पडता पडता ते स्वतःलाच ऐकू येते. मग पुन्हा देश, काल उच्चारावा आणि पुन्हा पाणी सोडावे. संकल्प रोज नव्याने सोडता येतो.

तो तरुण साधक पुढच्या बैठकीत भेटला तेव्हा हे सगळे मी त्याला सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि विचारले, “काका, ज्याला शब्द दिला तो भेटेल तेव्हा तो मला ओळखेल ना?” मी म्हणालो, “तू रोज भेटत राहिलास तर नक्की ओळखेल.”

बंधू-भगिनींनो, माघातील रथसप्तमी म्हणजे सूर्याच्या उपासनेचा दिवस. ज्यांचा नियम या थंडीत सुटला असेल, त्यांनी त्या दिवसाची वाट पाहत बसू नये. तो दिवस उजाडेल तेव्हा आपण आधीच उभे असावे. आज रात्री चटई अंथरून ठेवा. किती वाजता, कुठे आणि किती, हे तीन शब्द देवासमोर उच्चारा. उद्या पहाटे गजर वाजेल, थंडी असेल, धुके असेल आणि न्यायाधीशही आपल्या जागी बसलेला असेल. त्याला नम्रपणे सांगा, “महाराज, या खटल्याचा निकाल कालच लागला आहे.”

आणि पाय जमिनीवर ठेवा.